विधेयक समितीकडे गेलं की आमदार नेमकं काय करतो

संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत मंजूर झालं. सभागृहाबाहेर या विधेयकाविरुद्ध कित्येक महिने मोर्चे, सभा, पत्रकार परिषदा चालल्या होत्या. विधानसभेत मात्र ठाम विरोध नोंदवणारे म्हणून नाव आलं ते एकट्या विनोद निकोले यांचं, म्हणजे डहाणूच्या माकप आमदारांचं. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि विधेयक तिथेही मंजूर झालं. बऱ्याच लोकांना प्रश्न पडला, की इतका विरोध होता तर तो सभागृहात गेला कुठे? त्याचं उत्तर समितीच्या अहवालात आहे. या विधेयकावर दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती बसली होती, तिच्यात विरोधी पक्षांचे ज्येष्ठ नेते होते, आणि अहवाल सभागृहात आला तेव्हा त्यांच्यापैकी कोणी लेखी मतभेद नोंदवलेला नाही, याचा सत्ताधाऱ्यांनी पुरेपूर वापर केला.

आमदाराला एखादा कायदा पटतो की नाही हे बघायला आपण त्याचं भाषण ऐकतो. भाषणाने कायद्याचा एक शब्दही बदलत नाही. शब्द बदलतो तो लेखी दुरुस्तीने, आणि त्या दुरुस्तीला खरी संधी असते ती समितीत.

आधी विधेयकाचा कागद

विधेयक पुरःस्थापित होतं, म्हणजे सभागृहात मांडलं जातं, तेव्हा आमदाराच्या हातात छापील प्रत येते. त्यात फक्त खंड नसतात. (विधेयकात ‘खंड’ म्हणतात, कायदा झाला की त्याचंच ‘कलम’ होतं.) खंडांच्या मागे ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं, म्हणजे सरकारला हा कायदा का हवा आहे ते. तिजोरीवर भार पडणार असेल तर वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाचं टिपण असतं. नियम करण्याचे किंवा अधिसूचना काढण्याचे अधिकार सरकार स्वतःकडे घेत असेल, तर कोणत्या खंडाने कोणता अधिकार घेतला आहे हे सांगणारं आणखी एक ज्ञापन असतं. अनुभवी सदस्य वाचायला सुरुवात करतात ती या शेवटच्या ज्ञापनापासून. ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ हे शब्द जिथे जिथे आहेत, तिथे खरा निर्णय विधिमंडळात होणार नसून नंतर मंत्रालयात होणार आहे, हे तिथे एका पानावर दिसतं.

त्यानंतर व्याख्यांचा खंड. शिक्षेच्या कलमांवर वर्तमानपत्रांत मथळे होतात, पण कायद्याच्या कचाट्यात कोण सापडणार हे व्याख्या ठरवते. मग परंतुकं, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणारी अपवादाची वाक्यं. आधीच्या वाक्याने दिलेलं संरक्षण पुष्कळदा परंतुकाने काढून घेतलेलं असतं. आणि ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांतला फरक. पहिल्यात अधिकाऱ्यावर बंधन आहे, दुसऱ्यात मुभा. सल्लागार मंडळाकडे प्रकरण ‘पाठवील’ आणि ‘पाठवू शकेल’ या दोन शब्दांत माणसाचं स्वातंत्र्य अडकलेलं असू शकतं.

अधिवेशनाच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत विधेयकं रांगेने येतात. आदल्या संध्याकाळी प्रत मिळाली आणि दुसऱ्या दिवशी चर्चा, अशा वेळी हे सगळं वाचून होत नाही. म्हणून तर समिती.

समितीकडे कोण पाठवतं

पुरःस्थापनानंतर सभागृहापुढे ढोबळमानाने चार वाटा असतात. विधेयक लगेच विचारात घ्यायचं, त्याच सभागृहाच्या प्रवर समितीकडे (निवडक सदस्यांच्या समितीकडे) पाठवायचं, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवायचं, किंवा जनमत अजमावण्यासाठी प्रसृत करायचं. चौथी वाट आता जवळपास ओस पडली आहे. विरोधी सदस्य तसा प्रस्ताव देतात, तो फेटाळला जातो, आणि त्या निमित्ताने त्यांना बोलायला थोडा वेळ मिळतो.

महाराष्ट्रात वापरात आहे ती मुख्यतः तिसरी. बातम्यांत तिला ‘संयुक्त चिकित्सा समिती’ म्हणतात. एक सभागृह ठराव करतं, आपल्या सदस्यांची नावं देतं, दुसऱ्या सभागृहाची सहमती मागतं, आणि ते आपली नावं कळवतं. विधानसभेत २८८ आणि परिषदेत ७८ सदस्य, त्यामुळे समितीतही विधानसभेचा वाटा मोठा असतो. पक्षांना जागा साधारण संख्याबळाच्या प्रमाणात मिळतात, म्हणजे समितीतही बहुमत सत्ताधाऱ्यांचंच. अध्यक्षपद बहुधा मंत्र्याकडे असतं. जनसुरक्षा विधेयक गृह खात्याचं, ते खातं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडे, आणि समितीचे अध्यक्ष होते महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे. ज्याच्या सरकारने विधेयक आणलं त्यानेच त्याची चिकित्सा करणाऱ्यांचं अध्यक्ष व्हावं, ही रचना आपल्याकडे कोणाला फारशी खटकत नाही. खटकायला हरकत नाही.

धन विधेयक, म्हणजे फक्त कर आणि सरकारी खर्चाबद्दलचं विधेयक, मात्र संयुक्त समितीकडे जात नाही. त्यावर परिषदेला फक्त १४ दिवसांत शिफारशी करता येतात, आणि त्या मानायच्या की नाही हे विधानसभा ठरवते.

ठरावात अहवालाची मुदत दिलेली असते. ती पुरली नाही की सभागृहात मुदतवाढीचा प्रस्ताव येतो, तो दहा सेकंदांत मंजूर होतो. जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४च्या नागपूर अधिवेशनात मांडलं गेलं, सूचना-हरकतींची मुदत १ एप्रिल २०२५पर्यंत होती, आणि अहवाल आला जुलैच्या पावसाळी अधिवेशनात.

बंद दाराआड

समितीच्या बैठका पत्रकारांना आणि जनतेला खुल्या नसतात. अहवाल पटलावर ठेवला जाण्याआधी आतली चर्चा किंवा मसुदा बाहेर फोडला तर तो विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो. त्यामुळे ‘समितीत आम्ही कडाडून विरोध केला’ असं कोणी म्हटलं, तर कागदावर काय आहे एवढंच विचारायचं.

पहिल्या बैठकीत खात्याचे सचिव आणि विधि व न्याय विभागाचे अधिकारी विधेयक समजावून सांगतात. मग जाहिरात निघते, सूचना मागवल्या जातात. काही संस्थांना आणि जाणकारांना साक्षीसाठी बोलावतात. त्यानंतर सुरू होतो तो खंडशः विचार, आणि समितीचं काम म्हणजे खरं तर हेच. अध्यक्ष एकेक खंड पुकारतात, आलेल्या सूचना आणि सदस्यांच्या दुरुस्त्या वाचल्या जातात, सचिव सरकारचं म्हणणं मांडतात. दुरुस्ती स्वीकारली जाते, नाकारली जाते किंवा ‘विभागाने पुन्हा मसुदा करून आणावा’ म्हणून पुढे ढकलली जाते. सगळे खंड संपल्यावर लघुशीर्षक आणि दीर्घशीर्षक शेवटी घेतात, कारण आत बदल झाला तर नावातही करावा लागू शकतो.

इथे तयारीने आलेला एक आमदार पाच बेसावध आमदारांना भारी पडतो. तयारी म्हणजे नुसतं ‘खंड ५ जाचक आहे’ म्हणणं नाही. दुरुस्ती अशी लिहून आणावी लागते: ‘खंड ५, पोटखंड (२) मध्ये, “पोलीस उपनिरीक्षक” या मजकुराऐवजी “पोलीस उपअधीक्षक” हा मजकूर दाखल करण्यात यावा.’ असा कागद समोर आला की अध्यक्षांना हो किंवा नाही म्हणावं लागतं. नुसतं मत मांडलं तर ‘सदस्यांच्या भावना लक्षात घेतल्या’ या वाक्यात ते विरून जातं.

समितीत काय बदलू शकतं आणि काय नाही, हे दोन उदाहरणांत चांगलं दिसतं.

जनसुरक्षा विधेयकावर १२ हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या. समितीने केलेले मोठे बदल तीन. उद्देशातल्या ‘व्यक्ती आणि संघटना’ या मोघम शब्दांच्या जागी कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या संघटना असं लिहिलं गेलं. संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा निर्णय तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना पक्की झाली: अध्यक्ष उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश, सोबत निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि उच्च न्यायालयातले सरकारी वकील. आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. हे बदल किरकोळ नाहीत. पण ज्या खंडावर सर्वांत जास्त आक्षेप होता, म्हणजे ‘बेकायदेशीर कृत्या’ची व्याख्या, तिचा गाभा तसाच राहिला. प्रस्थापित कायदा आणि त्याच्या संस्थांची अवज्ञा करायला उत्तेजन देणं किंवा तसा उपदेश करणं हेही त्या व्याख्येत बसतं. शिक्षा दोन ते सात वर्षांपर्यंत, आणि गुन्हे दखलपात्र व अजामीनपात्र. कार्यपद्धती सुधारते, व्याख्या हलत नाही, असा समित्यांचा कल असतो. कार्यपद्धतीत सरकारला थोडं मागे सरता येतं. व्याख्या बदलली तर ज्यासाठी विधेयक आणलं तेच हातातून जातं.

दुसरं उदाहरण शक्ती विधेयकाचं. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांच्या गुन्ह्यांसाठी डिसेंबर २०२०मध्ये ते मांडलं गेलं. तपास १५ दिवसांत संपवायचा, अशी मूळ तरतूद होती. मथळ्याला छान, पण न्यायवैद्यक अहवाल येण्यालाच त्याहून जास्त वेळ लागतो हे कोणीही तपास अधिकारी सांगेल. मुदत अशक्य ठेवली तर घाईत केलेलं दोषारोपपत्र कोर्टात टिकत नाही, आणि फायदा आरोपीचा होतो. संयुक्त समितीने ती मुदत ३० दिवस केली. खोट्या तक्रारींसाठीची शिक्षाही समितीत वाढली, आणि त्या तरतुदीवर महिला संघटनांनी टीका केली. म्हणजे समिती विधेयक मवाळच करते असं नाही, ते कोणत्याही दिशेला जाऊ शकतं. डिसेंबर २०२१मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं, तरी तो कायदा अमलात आला नाही. फौजदारी कायदा हा समवर्ती सूचीतला विषय, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात. केंद्रीय कायद्याशी विसंगत तरतूद राज्याला करायची असेल तर अनुच्छेद २५४(२)प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते, आणि ती मिळाली नाही. समितीच्या पहिल्याच बैठकीत विचारायचा प्रश्न हाच असतो: हा विषय कोणत्या सूचीत आहे, आणि यातला कोणता खंड केंद्राच्या कायद्याला छेद देतो?

मर्यादा आणि भिन्नमतपत्रिका

सभागृहाने विधेयक समितीकडे पाठवलं याचा अर्थ त्याचं मूळ तत्त्व मान्य केलं, असा संकेत आहे. त्यामुळे तत्त्वालाच सुरुंग लावणारी किंवा विधेयकाच्या कक्षेबाहेरची दुरुस्ती समितीत नियमबाह्य ठरते. ज्याला कायदाच नको आहे त्याच्यापुढे दोन मार्ग उरतात. शक्य तितके दात काढायचे, किंवा भिन्नमतपत्रिका लिहायची.

भिन्नमतपत्रिका म्हणजे अहवालाशी सहमत नसलेल्या सदस्याचं लेखी म्हणणं. ते अहवालाला जोडून छापलं जातं. तिने विधेयक अडत नाही, पण तिची किंमत नंतर कळते. सभागृहात ‘समितीत एकमत होतं’ असं म्हणता येत नाही. पुढे कोणी कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं, तर विधिमंडळापुढे हा धोका मांडला गेला होता याचा कागद हाती असतो. चांगली पत्रिका दोन-तीन पानांची असते, खंड क्रमांक देते, नाकारलेली दुरुस्ती जशीच्या तशी उद्धृत करते. ती अध्यक्षांनी दिलेल्या मुदतीतच द्यावी लागते. अहवाल सभागृहात आल्यावर केलेला निषेध अहवालाचा भाग होत नाही.

आता एक गोष्ट जी आमदारही कधी कधी विसरतात. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची पक्षादेशाविरुद्ध ‘सभागृहात’ केलेल्या मतदानाबद्दल किंवा गैरहजेरीबद्दल बोलते. प्रतोदाचा पक्षादेश मोडला आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही तर आमदारकी जाऊ शकते. समितीतल्या मताला ही तलवार लागू नाही. म्हणजे सत्ताधारी आमदाराला एखादा खंड खरोखर पटत नसेल, तर ते सांगायची सुरक्षित जागा समितीच आहे. तिथे तो गप्प बसला आणि बाहेर येऊन ‘पक्षादेश होता’ म्हणाला, तर ते अर्धंच खरं.

तुमची सूचना समितीत टिकावी यासाठी

जाहिरात वृत्तपत्रांत आणि विधानमंडळाच्या संकेतस्थळावर येते. मुदत बहुधा काही आठवड्यांची असते. पत्र मंत्र्याला नव्हे, विधानमंडळ सचिवालयाला पाठवायचं, आणि विधेयकाचं नाव व क्रमांक वरच लिहायचा. नुसतं ‘नवा पोलीस कायदा’ लिहिलेलं पत्र कोणत्या समितीचं हे शोधण्यातच वेळ जातो.

सचिवालय आलेल्या सूचना खंडांप्रमाणे लावतं. म्हणून पत्राची मांडणीही तशीच ठेवायची. खंडाचा क्रमांक, त्यातला नेमका आक्षेपार्ह मजकूर, त्यामुळे प्रत्यक्षात काय होईल याची दोन-तीन वाक्यं, आणि त्याऐवजी कोणता मजकूर हवा तो. एका खंडाला अर्धं पान पुरे. खंडाचा उल्लेखच नसलेली, ‘हा काळा कायदा रद्द करा’ एवढंच सांगणारी पत्रं सर्वसाधारण विरोध या सदरात जातात, आणि खंडशः विचाराच्या वेळी त्यांचा कोणाला उपयोग होत नाही. एकाच नमुन्याची हजार पत्रं संख्या वाढवतात, मुद्दा एकच राहतो. त्याऐवजी दहा जणांनी आपापल्या व्यवसायातून दहा वेगळे परिणाम दाखवले तर समितीतल्या सदस्याच्या हाती काहीतरी येतं. शिक्षक, डॉक्टर, सोसायटीचे सचिव, कामगार संघटनेचे कार्यकर्ते यांना एखादा खंड कसा चुकतो हे वकिलाआधी दिसतं.

साक्ष द्यायची इच्छा असेल तर पत्रात तसं स्पष्ट लिहायचं. बोलावणं येईलच असं नाही. आणि पत्राची एक प्रत समितीतल्या ज्या आमदाराला या विषयात रस आहे त्याला वेगळी द्यायची, कारण सूचनेची दुरुस्ती करून ती मांडू शकतो फक्त सदस्य. हे टाळल्यामुळे चांगल्या सूचना नुसत्या नोंदल्या जातात.

सभागृहात परत

समितीने सुधारलेलं विधेयक अहवालासोबत पटलावर येतं. नव्या मजकुराखाली रेघ आणि वगळलेल्या जागी फुल्या, ही रूढ पद्धत. मूळ प्रत शेजारी ठेवून वाचलं तर कुठे काय हललं हे तासाभरात कळतं. पुन्हा खंडशः चर्चा होते, सदस्य पुन्हा दुरुस्त्या देऊ शकतात, पण समितीत जे सुटलं ते सभागृहात मिळणं कठीण. आवाजी मतदानात कोणी काय मत दिलं याची नोंद राहत नाही. ती हवी असेल तर मतविभागणी, म्हणजे नावनिशी मतमोजणी, मागावी लागते. हरणार हे माहीत असूनही ती मागण्यात अर्थ असतो, कारण मग नावं कार्यवृत्तात येतात.

विधान परिषदेने विधेयक फेटाळलं किंवा तीन महिने रोखलं तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करू शकते. त्यानंतर परिषदेकडे एकच महिना. राज्यात लोकसभा-राज्यसभेसारखी संयुक्त बैठक नाही, शेवटचा शब्द विधानसभेचा. परिषद अडवू शकत नसली तरी लांबवू शकते, आणि लांबवणं कधी कधी पुरतं. लोकायुक्त विधेयक डिसेंबर २०२२मध्ये विधानसभेने मंजूर केलं, परिषदेत ते संयुक्त समितीकडे गेलं आणि मंजूर व्हायला डिसेंबर २०२३ उजाडलं.

विधानसभा विसर्जित झाली तर मात्र खेळ संपतो. अनुच्छेद १९६ प्रमाणे विधानसभेत प्रलंबित असलेलं, किंवा तिथे मंजूर होऊन परिषदेत अडकलेलं विधेयक व्यपगत होतं, म्हणजे आपोआप बाद होतं. नुसतं अधिवेशन संपलं म्हणून होत नाही. जादूटोणाविरोधी विधेयक २००५ साली विधानसभेने मंजूर केलं होतं, परिषदेत ते रखडलं आणि पुढच्या निवडणुकीबरोबर गेलं. ऑगस्ट २०१३मध्ये नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर अध्यादेश निघाला आणि त्या डिसेंबरमध्ये कायदा झाला. जनसुरक्षा विधेयकही आधी जुलै २०२४मध्ये मांडलं गेलं होतं. विधानसभेची मुदत संपली, ते व्यपगत झालं, म्हणून डिसेंबरमध्ये नव्याने आणावं लागलं. एखादं विधेयक समितीत मुद्दाम कुजवायचं असेल तर शेवटच्या वर्षी मुदतवाढी देत राहणं पुरतं. कोणाला विरोधात मत द्यावं लागत नाही.

बाकीच्या समित्या

लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, आश्वासन, विनंती अर्ज, पंचायत राज, अनुसूचित जाती कल्याण अशा समित्यांवरही आमदार काम करतात. त्या कायद्याचा मसुदा बघत नाहीत, सरकारने केलेला खर्च, दिलेली आश्वासनं आणि राबवलेल्या योजना तपासतात. संसदेत खात्यांशी संलग्न २४ स्थायी समित्या आहेत. केरळमध्ये १९८०पासून विषय समित्या आहेत आणि विधेयकं एरवीच त्यांच्याकडे जातात. महाराष्ट्रात विधेयकासाठी दर वेळी वेगळी समिती नेमावी लागते, आणि ती नेमायची की नाही हे सरकारच्या मर्जीवर. म्हणून समितीकडे गेलेली विधेयकं बोटांवर मोजण्याइतकी, आणि बाकीची थेट विचारात घेतली जातात.

या सगळ्यात आमदाराचं मत शोधायचं तर चार कागद मागवायचे: त्याने दिलेल्या दुरुस्त्यांची नोटीस, समितीच्या अहवालाला जोडलेलं बैठकांचं इतिवृत्त, असल्यास भिन्नमतपत्रिका, आणि मतविभागणीची नोंद. बैठकांना तो हजर होता का, हेही त्या इतिवृत्तात दिसतं. मुलाखतीत विचारायचे प्रश्न मग आपोआप सुचतात.

आणि राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची संमती मिळून कायदा राजपत्रात आला तरी काम उरतंच. ‘विहित करण्यात येईल’ म्हणून सोडलेल्या जागा भरणारे नियम सरकार करतं. ते सहसा दोन्ही सभागृहांपुढे अधिवेशनाच्या एकूण ३० दिवसांसाठी ठेवावे लागतात, आणि त्या काळात सभागृह त्यांत बदल करू शकतं किंवा ते रद्द करू शकतं. नियम मूळ कायद्याच्या बाहेर गेले आहेत का हे बघायला उपविधान समिती आहे. प्रत्यक्षात नियमांचा गठ्ठा पटलावर येतो तेव्हा बाकं रिकामी असतात. कायद्याच्या विरोधात मोर्चा काढलेल्या संघटनेने याच वेळी एखाद्या आमदाराला नियमांची प्रत आणि आपल्या आक्षेपांचं एक पान दिलं, तर तो नियम बदलण्याचा प्रस्ताव आणू शकतो. त्यासाठी नियम कधी निघाले हे राजपत्रात पाहत राहावं लागतं.